तरिया रस्त्याच्या कडेचं घर

घर विकत घेणाऱ्या माणसाने त्या घरात चोरी कशी करता येईल याचा आधी अभ्यास करावा, हा सल्ला मला आमच्या रेल्वे ऑफिसातल्या नत्थू साहूने दिला. नत्थूने स्वतः घर घेतलेलं नाही, तो सासऱ्यांच्या घरी राहतो. पण सल्ला देणाऱ्याकडे अनुभव मागायची आपल्याकडे पद्धत नाही. "बोरकुटे साहब, चोर की नजर से देखो. चोर जहाँ से घुसेगा, आप पहले वहीं से घुस के देखो," असं म्हणून त्याने माझ्या डब्यातला दुसरा आलुबोंडा उचलला. पहिला त्याने प्रस्तावना करताना खाल्ला होता.

हा सल्ला मी मनावर घेतला आणि त्यातून पुढे जे झालं त्यामुळे आमच्या या हिंदी मुलखातल्या शहरात, तेलीबांध्याच्या अलीकडच्या एका वस्तीत माझी पँट अजून चर्चेत आहे. पण ते क्रमाने सांगतो, नाहीतर तुमचाही माझ्याविषयी गैरसमज व्हायचा. आधीच बऱ्याच लोकांचा झालेला आहे.

घर पाहायचं कारण चैन नव्हतं. आम्ही भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो, तिसऱ्या मजल्यावर. खाली वॉचमन, जिन्यात कॅमेरा, दाराला दोन कुलपं. सुरक्षेच्या बाबतीत कुठे बोट ठेवायला जागा नाही. याच सुरक्षित फ्लॅटमध्ये गेल्या भाद्रपदात विमलाला, म्हणजे माझ्या बायकोला, सकाळी अकरा वाजता चक्कर आली. ती स्वैपाकघरात पडली, मनगट मोडलं आणि उठता येईना. मी साडेसहाला ऑफिसातून आलो तोवर ती फरशीवर होती. समोरच्या फ्लॅटमध्ये दिवसभर टीव्ही चालू होता. तिने हाका मारल्या होत्या. कॅमेऱ्यात जिना मात्र अगदी स्वच्छ दिसत होता.

मनगट जुळलं. चक्कर पुन्हा कधीही येऊ शकते, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून मी ऑफिसातून दिवसातून चार वेळा फोन करतो. तिने उचलायला उशीर केला, तर तिचं 'हॅलो' ऐकू येईपर्यंत मी ऑफिसचा अर्धा जिना उतरलेला असतो. साहेबांना वाटतं मला पोटाचा विकार आहे. मीही खुलासा केलेला नाही. मला भीती वाटते हे साहेबांना सांगण्यापेक्षा पोटाचा विकार बरा. विमला त्या दिवसाबद्दल कधी बोलत नाही आणि मी विचारत नाही.

म्हणून बैठं घर पाहायला लागलो आणि शेवंताकाकूंचं सापडलं. काकू मूळच्या वर्ध्याकडच्या, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, एकट्या. मुलाकडे बेंगळुरूला जायला निघालेल्या. दोन खोल्या, स्वैपाकघर, मागे छोटं आंगण, आंगणात कढीपत्ता. सगळं मनासारखं होतं. फक्त घराच्या पश्चिमेला लागून एक पायवाट होती. जेमतेम सहा फुटांची, वस्तीतून निघून तलावाकडे जाणारी. तलावाला इकडे तरिया म्हणतात, म्हणून हा तरिया रस्ता. स्वैपाकघराची खिडकी थेट त्या रस्त्यावर उघडत होती आणि तिथून पुढे रस्त्याच्या कडेने आंगणाची भिंत होती, माझ्या छातीइतकी.

आम्ही पहिल्यांदा घर पाहत होतो तेव्हाची गोष्ट. मी जाणकार चेहऱ्याने नळ उघडून पाहिला. बंद करायला गेलो तर बंद होईना. तेवढ्यात खिडकीतून आवाज आला, "भैया, थोडा टेढ़ा करके बंद करो. सीधा नहीं होता वो."

खिडकीच्या पलीकडे भाजीची पिशवी घेतलेली एक बाई उभी होती. तिचं नाव रूपाली, ती जवळच्या अंगणवाडीत काम करते, हे सगळं नंतर कळलं. त्या क्षणी मला एवढंच कळलं की हे घर घेतलं तर मी बनियनवर पाणी प्यायलो तरी त्याला साक्षीदार असणार. मी रागाने विमलाकडे पाहिलं. ती हसत होती. भाद्रपदानंतर मी तिला तसं हसताना पाहिलं नव्हतं, हे मला तेव्हाही जाणवलं, पण नळ वाहत होता.

"इथं चोरी-बिरी होत असेल ना काकू?" मी विचारलं.

"एकडाव झाली," काकू म्हणाल्या. "कुकर नेला एकानं. पण इकडून जाऊन राहिला होता ना तो, तर चार जनांनी त्याले इचारलं, काकीचा कुकर कुठं चालला म्हनून. चौथ्याच्या वेळी वापस आणून ठेवला त्यानं."

ही माहिती त्यांनी घराचा गुण म्हणून सांगितली. मी ती दोष म्हणून लिहून घेतली. पुढच्या आठवड्यात रविवारी त्यांचा मुलगा येणार होता. दुसरं एक गिऱ्हाईक घर पाडून गोदाम बांधायला तयार होतं, म्हणून रविवारी सकाळपर्यंत आम्हाला हो की नाही ते सांगायचं होतं. हातात दहा दिवस होते.

त्या दहा दिवसांत मला जे सल्ले मिळाले त्यांचं एक पुस्तक होईल. आमच्या मुलीने, अनुश्रीने, पुण्याहून सांगितलं, "पापा, चार कैमरे लगवा लो, बस." ती मराठी सगळं समजते आणि उत्तर हिंदीत देते. विमलाचा भाऊ विशाल म्हणाला, भिंतीवर काचा लावा. वरच्या मजल्यावरचे शेजारी म्हणाले, कुत्रा पाळा. आता विमलाला चक्कर येते, तिने कुत्र्याला फिरवायचं की कुत्र्याने तिला, याचा विचार त्यांनी केलेला नव्हता. ऑफिसात कोणीतरी म्हणालं, रस्ताच बंद करून टाका ना, कोण विचारतो! हे मला सगळ्यात पटलं. निदान भिंत सात फुटांची करावी आणि खिडकी विटांनी बुजवावी, असं मी ठरवलं. फक्त आधी कायद्याने चौकशी करावी, एवढाच माझा गुन्हा.

मी एका सरकारी कचेरीत गेलो. नाव सांगत नाही, कारण मला तिथे अजून जायचं आहे. खिडकीवरच्या बाबूला मी म्हटलं की मला फक्त विचारायचं आहे.

"पूछने का फॉर्म नहीं है," तो म्हणाला. "दीवार ऊँची करने का है. वो भर दो, उसी में जवाब मिल जाएगा."

"पण घर अजून माझं नाही."

"तो 'प्रस्तावित क्रेता' लिख दो."

मी लिहिलं. आयुष्यभर रेल्वेत फॉर्म भरणारा माणूस आहे मी, समोर रकाना दिसला की हात आपोआप चालतो. मग बाबूने मला पटवाऱ्याकडे, म्हणजे आपल्या तलाठ्याकडे, पाठवलं. पटवारी दोन दिवस दौऱ्यावर होता, तिसऱ्या दिवशी जेवायला गेला होता, चौथ्या दिवशी सापडला. त्याने एक पिवळा नकाशा टेबलावर पसरला आणि घराच्या बाजूच्या एका बारीक रेघेवर बोट ठेवलं.

"ये निस्तारी रास्ता है. पूरे पारा का, पूरी बस्ती का तालाब जाने का हक है इस पे. आप के बाबूजी के बाबूजी भी होते तो बंद नहीं कर पाते."

माझे आजोबा यवतमाळला मास्तर होते आणि त्यांनी उभ्या आयुष्यात कुणाचा रस्ता अडवला नव्हता. त्यांना या प्रकरणात ओढल्याचं मला वाईट वाटलं. पण निस्तार म्हणजे काय ते नीट कळलं. पाणी, गुरं, अंघोळ, विसर्जन, जे काही पिढ्यान्‌पिढ्या त्या वाटेने होत आलंय ते होत राहणार. रस्ता घराच्या आधीपासून होता. मी गप्प घरी आलो आणि मला वाटलं, विषय संपला.

विषय गुरुवारी सुरू झाला. माझा फॉर्म कचेरीत एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर चालत गेला होता आणि नियमाप्रमाणे त्याची नोटीस निघाली होती. शेवंताकाकूंच्या आंगणाच्या भिंतीवर, रस्त्याच्या बाजूने, खळीने चिकटवलेली. 'सर्वसाधारण को सूचित किया जाता है कि श्री श्यामराव बोरकुटे ने तालाब मार्ग से लगी दीवार ऊँची करने हेतु आवेदन दिया है. जिस किसी को आपत्ति हो...' सकाळी ती भिंत उंच करण्याची नोटीस होती. रस्त्यावरून माणसं जात-येत राहिली तशी संध्याकाळपर्यंत ती रस्ता बंद करण्याची नोटीस झाली. काकूंचा फोन आला.

"श्यामराव, तुम्ही तरिया रस्ता बंद करून राहिले म्हणते? देवांगन गुरुजी काठी घेऊन आले होते घरी. मले म्हणे, कोणाले घर विकून राहिल्या तुम्ही?"

देवांगन गुरुजी म्हणजे निवृत्त शिक्षक, दिवसातून दोनदा त्या वाटेने तलावाला फेरी मारणारे. मी काकूंना परोपरीने समजावलं. त्या 'हो, हो' म्हणाल्या, पण त्यांच्या आवाजात मी आता रस्ता खाणारा माणूस होतो. अर्ज मागे घ्यायला धावलो तर बाबू म्हणाला, मागे घेण्याचाही फॉर्म आहे आणि त्याचीही नोटीस निघेल, कुणाची हरकत असल्यास. 

शुक्रवारी सकाळी चहाच्या वेळी विमलाचं आणि माझं वाजलं.

"तुमाले घर नाही पायजे," ती म्हणाली. "तुमाले किल्ला पायजे."

"मले तू सुरक्षित पायजे."

"कोणापासून?"

"कोणापासून म्हणजे? चोर आहेत, लुच्चे आहेत, खिडकीतून पाहणारे आहेत. दिवसभर एकटी राहतेस. तिथं कोण येईल, कोण जाईल, काही भरोसा आहे का?"

ती उठली. कप उचलून आत गेली. तिच्या मनात काय आहे ते मला कळेना आणि रविवार दोन दिवसांवर आला होता. तेव्हा मला नत्थू आठवला. म्हटलं, शास्त्रीय पद्धतीने सोक्षमोक्ष लावू. भिंतीवरून आत शिरता आलं तर घर नाही. नाही आलं तर घेऊ.

शनिवारी काकू ब्राह्मणपाऱ्यात बहिणीकडे निरोप घ्यायला जाणार होत्या. मापं घ्यायची आहेत असं सांगून आम्ही त्यांच्याकडून घराची किल्ली घेतली. पाचच्या सुमाराला मी विमलाला आत सोडलं, पुढचं आणि मागचं अशी दोन्ही दारं आतून लावायला सांगितली, कारण परीक्षा खरी हवी. "मी भिंतीवर चढलो की हाक मारीन. तुले आवाज आला तर ओ दे," मी म्हटलं. ती हव म्हणाली. इतक्या मुकाट्याने ती कधी काही ऐकत नाही. तिथेच मी सावध व्हायला हवं होतं.

रस्त्यावर कोणी नव्हतं. मी चपला काढल्या, नोटिशीच्या शेजारी हात टेकले आणि उडी मारली. पहिल्या उडीत काही झालं नाही. दुसऱ्या उडीत माझं पोट भिंतीवर आलं. तिसऱ्या खेपेला एक पाय वर पोचला आणि मी भिंतीवर आडवा झालो, अर्धा रस्त्यात, अर्धा आंगणात. काकूंनी कपड्यांच्या दोरीसाठी भिंतीत एक खिळा ठोकला होता. त्याने माझी पँट मागून धरली. फाटल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

"विमला!" मी दबल्या आवाजात हाक मारली. ओ आली नाही. त्याऐवजी पाठीत काठीचं टोक टोचलं.

"कौन है रे? उतर!"

मी मान वळवली. खाली देवांगन गुरुजी, त्यांच्यामागे रूपाली, तिच्यामागे सायकल धरलेला एक दूधवाला. क्षणभरापूर्वी हा रस्ता रिकामा होता. मी कसंबसं हसलो. भिंतीवर पालथं पडून हसणं अवघड असतं.

"मी बोरकुटे," मी म्हटलं.

ही चूक झाली. चोर म्हणून मला दोन मिनिटं जास्त मिळाली असती.

"अच्छा! आप ही हो!" गुरुजी ओरडले. "पहले रास्ता बंद करोगे, अब घर में घुसोगे?"

"अहो गुरुजी, माझी बायको आत आहे! तिलाच विचारा ना. विमला! ए विमला!"

आतून काही नाही. मी पुन्हा हाक मारली, या वेळी पूर्ण आवाजात. काही नाही. तिचा फोन पर्समध्ये, पर्स स्कूटरच्या डिक्कीत आणि दोन्ही दारं आतून बंद. मी सांगून बंद केलेली.  पँट, खिळा, गुरुजींची काठी, सगळं दूर गेलं. मला फक्त ती फरशी दिसायला लागली.

"तिला चक्कर येते," मी म्हटलं.  "तिला चक्कर येते हो. बघा ना कोणीतरी. मला उतरता येत नाही."

त्या तिघांना माझं मराठी किती कळलं माहीत नाही. पण गुरुजींनी काठी माझ्या पाठीवरून काढली. रूपालीने स्वैपाकघराच्या खिडकीला चेहरा लावला. "गुरुजी, भाभी नीचे पड़ी है!" ती ओरडली.

पुढचं सगळं इतकं झटपट झालं की मला ते आठवून जुळवावं लागतं. दूधवाल्याने आंगणाच्या फाटकाचं कुलूप नुसतं ओढलं आणि ते निघालं. ते कुलूप अडकवलेलंच असतं, कधी लावत नाहीत, हे त्या वाटेवर माझ्याखेरीज सगळ्यांना ठाऊक होतं. ते फाटक माझ्यापासून चार हातांवर होतं. गुरुजींनी खिडकीच्या गजांतून काठी आत घातली, डोळे मिटले आणि मागच्या दाराची कडी एका झटक्यात वर केली. हात सरावाचा दिसत होता. रूपाली आत धावली. बाजूच्या घरातून एक बाई साखरपाणी घेऊन आली, तिला कोणी कळवलं देव जाणे. सुरक्षेच्या दृष्टीने त्या घराची लाज निघाली होती आणि मी भिंतीवर लटकून देवाचे आभार मानत होतो.

दूधवाल्याने मला खिळ्यावरून सोडवलं. मी आत धावलो. विमला फरशीवर होती, डोकं रूपालीच्या मांडीवर. डोळे उघडे. मी तिचा हात धरला.

"अब ठीक है," रूपाली म्हणाली. "भैया, आप बैठ जाओ. आप ही गिर जाओगे."

मी बसलो, पाठ भिंतीला लावून, कारण पँटची अवस्था बघण्यासारखी नव्हती. गुरुजींनी मला पाच मिनिटं शाळेतल्यासारखं झापलं. बायकोला चक्कर येते आणि तिला आत कोंडून भिंती चढतोस, वय काय तुझं! मी मान खाली घालून ऐकलं. मग ते म्हणाले की सकाळी सहाला आणि संध्याकाळी पाचला मी इथून जातो, खिडकीतून हाक मारीन, उत्तर आलंच पाहिजे. रूपाली म्हणाली, तिची फेरी अकराला आणि तीनला असते. दूधवाला म्हणाला, मी तर आहेच. त्यांनी आपसात वेळा वाटून घेतल्या. भिंत उंच करायची की नाही, हे कोणी विचारलंसुद्धा नाही.

सगळे गेल्यावर विमला उठून बसली. साडी झटकली. केस नीट केले. ज्या चपळाईने तिने ते केलं त्याने मला शंका आली.

"चक्कर नव्हती आली तुले," मी म्हटलं.

"नाही."

"मग?"

"तुम्ही तुमची परीक्षा घेऊन राहिले होते, मी माझी घेतली." ती माझ्याकडे बघत नव्हती. "चोर कसा येते ते तुमाले पाहाचं होतं. मी पडली तर कोण येते ते मले पाहाचं होतं. फोन मीच डिक्कीत ठेवला. तुमची पहिली हाक आली तशी खाली झोपली अन् मोजत बसली. दोनशेच्या आत रूपालीचा हात लागला मले."

मला तिच्यावर चिडायचं होतं. माझी अब्रू, माझी पँट, माझं काळीज, तिघांचंही नुकसान झालं होतं. पण मी भाद्रपदापासून जे विचारलं नव्हतं तेच तोंडून निघालं.

"अन् फ्लॅटमधी? तिथं पण मोजून राहिली होती का?"

"हव." ती नळाकडे गेली, हात धुतले आणि नळ वाकडा करून बंद केला. "हजार झाले की वापस एकपासून. पहिले वाटे, दर हजाराले कोणी ना कोणी येईल. मंग हजारच मोठे वाटाले लागले. मंग सोडून देल्लं मोजणं."

खिडकीबाहेरून कोणीतरी चपला घासत गेलं. आत डोकावलं असणार, कारण पावलं क्षणभर थांबली. विमलाने तिकडे पाहून मान हलवली आणि पावलं पुढे गेली. मी खिशातून फोन काढला. काकूंचा नंबर लावला. रविवारपर्यंत थांबायचं काही कारण उरलं नव्हतं.

"काकू," मी म्हटलं, "श्यामराव बोलून राहिलो. घर आम्ही घेतो."

 पलीकडून काकूंनी सावधपणे विचारलं, "अन् रस्त्याचं काय ठरवलं?"

"रस्त्यासकट घेतो, काकू."